आर्थिक निर्बंधांनी दडपशाही करणारं सरकार खरंच नमतं का?

क्वचित, आणि तेही एकट्या निर्बंधांनी नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण तिथे मोठा दणका बँकांनी दिला. १९८५ मध्ये चेस मॅनहॅटन या अमेरिकी बँकेने कर्जांची मुदत वाढवायला नकार दिला, तिथलं चलन रँड गडगडलं आणि सरकारला परतफेड थांबवावी लागली. अमेरिकेचा निर्बंध कायदा त्यानंतर, १९८६ मध्ये आला. तोही राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून. अर्थात देशात आंदोलन पेटलेलं नसतं तर एवढ्याने भागलं नसतं.

उलट इराक बघा. १९९० पासून जवळजवळ संपूर्ण व्यापारबंदी. लोक सरकारी रेशनवर जगू लागले आणि रेशन सद्दामच्याच हातात, म्हणजे पकड आणखी घट्ट! त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा सत्ताधाऱ्यांची परदेशातली खाती गोठवणं मला बरं वाटतं. पळवाटा तिथेही निघतातच.