फायरप्लेसमध्ये नैसर्गिक स्लेट लावावी का? तडकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलंय, दिवाणखान्यात बंद पडलेली फायरप्लेस आहे, तिथे लाकडाचा स्टोव्ह बसवून खाली आणि भोवती स्लेट लावायची आहे. ती आपल्या कडप्प्यासारखीच असते का, आणि आगीने तडकते का?

लावा. मी कार्डिफमध्ये राहतो, घर १८९० च्या आसपासचं, आणि एक लादी फोडून मग शहाणा झालोय.

आधी कडप्प्याचं. दोन्ही काळपट, त्यामुळे गल्लत होते. पण कडप्पा हा चुनखडीचा दगड. आईच्या ओट्यावर लिंबाचा थेंब पडून राहिला की पांढुरका डाग उमटायचा, तो त्यामुळेच. स्लेट म्हणजे आपल्या पाटीचा दगड. चिकणमातीचा गाळ जमिनीखाली दाबाने आणि उष्णतेने बदलून तो तयार होतो आणि पदरापदराने सुटतो. म्हणून तर त्याच्या पातळ पाट्या निघतात. आगीजवळ मात्र हाच गुण नडतो.

माझ्याकडे आधी स्टोव्ह नव्हता, उघड्यावर लाकडं जाळायची लोखंडी जाळी होती. कोनाड्यात आत, जाळीच्या खाली, मी हौसेने एकच अखंड लादी बसवून घेतली. सांधा नको, सांध्यात राख अडकते, असं मीच गवंड्याला सांगितलं. तिसऱ्याच दिवशी पाहुणे आले म्हणून चांगली दणदणीत आग केली. रात्री कधीतरी ‘टक्’ असा आवाज झाला. सकाळी राख काढली तर लादीच्या मधोमध केसासारखी रेघ, आणि निखारे साचले होते तिथून नखाएवढा पापुद्रा सुटलेला. मधला भाग तापून फुगणार, कडा थंड, त्यात चारी बाजूंनी सिमेंटने आवळलेली. बिचारी जाणार कुठे? शिवाय खालचा माल अजून ओला होता. तो नीट वाळू द्यायचा आणि पहिले काही दिवस आग लहानच ठेवायची, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

मग जळणाखाली थेट फायरब्रिक, म्हणजे भट्टीच्या उष्णता सोसणाऱ्या विटा, घातल्या. स्लेट कोनाड्याच्या आत आहे, पण तीन तुकड्यांत, मध्ये बारीक फट ठेवून, उष्णता सोसणाऱ्या लवचिक चिकट मालावर. पुढची बाहेरची लादी अखंड चालते, तिथे तेवढी धग पोचत नाही. पुढे जाळी काढून स्टोव्ह आला, तरी ही लादी तशीच आहे.

जाडीचा हिशोब स्टोव्हवर ठरतो. स्टोव्हखालची जमीन १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही असं उत्पादकाच्या कागदावर असेल, तर १२ मिलिमीटर जाडीची न जळणारी लादी इंग्लंडच्या बांधकाम नियमात बसते. तसं नसेल तर खाली १२५ मिलिमीटरचा भक्कम थर लागतो. दारं बंद ठेवून चालवायच्या स्टोव्हपुढे किमान २२५ मिलिमीटर लादी हवी, दारं उघडी ठेवून जाळणार असाल तर ३००. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. बसवायला हेटासकडे (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी इथली संस्था) नोंदणी असलेला माणूस घ्या, नाहीतर कौन्सिलच्या बांधकाम विभागाकडून मंजुरी घेण्याची कटकट तुमच्या गळ्यात.

दगड घेताना माठ घेतो तसा वाजवून बघा. बोटाच्या पेराने ठोकल्यावर खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पदर सुटलेत. वेल्सची स्लेट महाग पडते. पेन्रिनच्या खाणीची जांभळट, ब्लायनाय फेस्टिनिऑगकडची निळसर करडी. (हा सगळा खाणीचा मुलूख २०२१ पासून जागतिक वारसा आहे. इथे आहात तर एकदा बघून या.) स्वस्त मालात कधी पितळी ठिपके दिसतात, ते सोनं नव्हे. ओल लागली की तिथून गंजाचे ओघळ येतात.

कोणी छपरावरच्या जुन्या पाट्या लावा म्हणेल. त्यांच्या मापांना डचेस, काउंटेस, लेडी अशी भारी नावं आहेत, पण अंग जेमतेम काही मिलिमीटरचं. लाकडाचा ओंडका हातातून निसटला की काउंटेसबाईंचे दोन तुकडे. भिंतभर खडबडीत स्लेटच्या पट्ट्या लावायची फॅशनही मला पटत नाही. दोन महिन्यांत प्रत्येक कपारीत धूळ आणि काजळी बसते आणि ती टूथब्रशने काढावी लागते.

एक राहिलंच. जुन्या मँटेलवर, म्हणजे फायरप्लेसभोवतीच्या चौकटीवर आणि तिच्या वरच्या फळीवर, रंगाचे थर असतील तर रंग काढायचं रसायन फासण्याआधी थांबा. व्हिक्टोरियन काळात स्लेटवरच रंग चढवून, भट्टीत भाजून तिला संगमरवराचं रूप देत. आमचं मँटेल आम्ही पाच वर्षं काळा संगमरवर म्हणून मिरवलं. मग एकदा बॅटरी घेऊन फळीच्या खालच्या बाजूला बघितलं, तर एक टवका उडालेला आणि आत करड्या पाटीचे पदर. रसायन लावलं असतं तर त्या काळ्या रंगाबरोबर त्यावर रंगवलेल्या सोनेरी शिराही पुसल्या गेल्या असत्या.