लेकीच्या फीचे डॉलर: सगळे आत्ताच घ्यावेत का?

नाशिकरोडहून एका वाचकांचं पत्र आलंय. करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत, ४० लाखांच्या एफडी आहेत, पेन्शन चालू आहे. लेकीला अमेरिकेत एमएससाठी प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा खर्च सुमारे ६० हजार डॉलर. पिंपळगाव बसवंतचे मेहुणे म्हणतात, ‘सगळ्या एफडी मोडा आणि डॉलर घेऊन टाका, रुपया काही सावरत नाही.’ धाकटे बंधू म्हणतात, ‘नव्वदीला कोण घेतो? पंच्याऐंशीवर येऊ दे.’ सोबत व्हॉट्सॲपवर फिरणारा एक तक्ता आहे, ‘१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर’ असं सांगणारा.

तुमचे दोघेही आप्त मनापासून सांगताहेत, पण मी दोघांच्याही बाजूने नाही.

आधी तो तक्ता बाजूला ठेवा, कारण त्याची सुरुवातच चुकलेली आहे. १९४७ साली रुपया पौंडाला बांधलेला होता. एका पौंडाला साधारण १३.३३ रुपये आणि एका पौंडाला ४.०३ डॉलर. भागाकार करा, डॉलर ३.३० रुपयांच्या आसपास येतो. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचंही अवमूल्यन झालं आणि डॉलर ४.७६ झाला. जून १९६६ मध्ये सरकारने तो एका फटक्यात ७.५० केला. जुलै १९९१ मध्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झालं, तेव्हा २१ चा डॉलर २६ च्या घरात गेला. त्या काळी दर सरकार ठरवायचं. कधी वर्षानुवर्षं हलायचा नाही, कधी हळूहळू सरकायचा, तर कधी रातोरात हलायचा. ती सगळी घसरण जमेस धरून पुढच्या दोन वर्षांचा अंदाज बांधणं चूक आहे.

आपल्या कामाचा इतिहास मार्च १९९३ पासूनचा, दर बाजारावर सोडला तेव्हापासूनचा. तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या थोडा वर होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. म्हणजे वर्षाला सरासरी सव्वातीन टक्के. तुमची एफडी कर जाऊनही साधारण तेवढं किंवा थोडं जास्तच देते. तेव्हा नुसता डॉलर धरून ठेवण्यात मेहुण्यांना वाटते तेवढी कमाई नाही.

पण सरासरीवर फी भरता येत नाही, खरी काळजी इथे आहे. २००२ ला ४९ च्या आसपास असलेला डॉलर २००८ च्या सुरुवातीला ३९ वर आला होता, म्हणजे रुपया चक्क वधारला. पुढच्या सव्वा वर्षात तोच डॉलर पन्नाशीपार. २०१३ च्या मे महिन्यात ५४, ऑगस्टअखेर ६८. त्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या मुलांची फी भरायची होती, त्यांची अवस्था आठवा. आणि घाबरून त्याच आठवड्यात पुढच्या वर्षाचेही डॉलर ज्यांनी घेतले, त्यांनी ऑक्टोबरमध्ये ६२ चा दर पाहिला.

म्हणून माझं मत असं: येत्या वर्षाची फी जुगारावर ठेवू नका आणि दुसऱ्या वर्षाचे डॉलर आत्ता घेऊ नका. पंच्याऐंशीची वाट पाहत बसलात आणि ऑगस्ट आला, तर मिळेल त्या दराने घ्यावेच लागतील. ऑगस्टच्या सेमिस्टरची रक्कम दोन-तीन हप्त्यांत थेट विद्यापीठाला भरता येते का, ते लेकीला विचारायला सांगा. येत असेल तर मे, जून, जुलै असे भाग करा.

सगळे डॉलर घेऊन ठेवण्यात नियमांचीही अडचण आहे. नोटांच्या रूपात घरात २ हजार डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. परदेशी खात्यात पाठवलेले पैसे १८० दिवसांत वापरले किंवा गुंतवले नाहीत, तर परत आणावे लागतात. मेहुण्यांचं वेगळं आहे. ते द्राक्षं युरोपला पाठवतात, त्यांचे पैसेच युरोत येतात. रुपया पडला तर त्यांना चार पैसे जास्त मिळतात. तुमची पेन्शन रुपयात आहे.

आता हिशोब. डॉलर ९० धरला तर ६० हजारांचे ५४ लाख होतात. त्यातले २५ लाख तुमचे, २९ लाख लेकीच्या नावाने शैक्षणिक कर्ज, तुम्ही सहकर्जदार. कर्जाचा दर एफडीपेक्षा जास्त असतो हे मान्य, तरीही १५ लाखांना हात लावू नका असंच मी सांगेन. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी हप्ता महिना ३८ हजारांच्या आसपास बसेल, शिक्षण होईपर्यंत साठणारं व्याज वेगळं. तिला नोकरी मिळायला उशीर झाला तर हे १५ लाखच हप्ते सांभाळतील. शिवाय दुखणंखुपणं आहेच. आर्थिक वर्षात स्वतःचे १० लाखांपर्यंत पाठवलेत तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो मुळीच नाही. वर गेलेल्या रकमेवर कापला तर विवरणपत्रात वळता करून घ्या.

दुसऱ्या वर्षाचे तुमच्या वाट्याचे पैसे पुढच्या जुलैत मुदत संपेल अशा एफडीत ठेवा, आणि हिशोबात डॉलर ९९ धरा. दोन-पावणेतीन लाख जास्त लागतील, ते कर्जाच्या मंजुरीतच बसवून घ्या. लागले नाहीत तर उचलू नका.

एक गोष्ट लोक नेहमी सोडून देतात. मोबाइलवर दिसणारा दर तुम्हाला मिळत नाही. बँकेत गेल्यावर ‘टीटी सेलिंग’ विचारा, म्हणजे परदेशी पाठवायचे डॉलर बँक ज्या दराने विकते तो, तोच तुमचा दर. १५ हजार डॉलरवर एका रुपयाचा फरक म्हणजे १५ हजार रुपये. एकाच दिवशी, एकाच वेळी दोन बँकांकडून दर, कमिशन आणि जीएसटी धरून एकूण रक्कम लिहून घ्या. घासाघीस करायला लाजू नका, शाखाधिकाऱ्यांना दर थोडाफार कमी करता येतो.

आणि दुसऱ्या सेमिस्टरनंतर लेकीला विद्यापीठात असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम, मिळते का ते पाहा. मिळाली तर दुसऱ्या वर्षाला तुम्हाला बरेच कमी डॉलर लागतील, तोवर ती एफडी मोडण्याचा विषय काढू नका.