‘मेन’ बुडाली म्हणून युद्ध पेटले का?

प्रश्न : १८९८ मध्ये स्पेनच्या ताब्यातील क्युबामधल्या हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका बुडाली आणि त्यावरून अमेरिका व स्पेन यांच्यात युद्ध झाले, असे वाचले. ती स्पेननेच बुडवली होती का? आणि एका नौकेपायी दोन देश खरोखरच लढतात का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. स्पेनने ही नौका बुडवल्याचा पुरावा तेव्हा मिळाला नव्हता आणि आजतागायत मिळालेला नाही.

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास, निजण्याचा बिगूल वाजून गेल्यावर, कॅप्टन चार्ल्स सिग्सबी आपल्या खोलीत पत्नीला पत्र लिहीत बसले होते. तेवढ्यात स्फोट झाला आणि नौकेच्या पुढच्या भागाच्या चिंधड्या उडाल्या. खलाशी पुढे झोपत आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या मागे असत. म्हणून अडीचशेहून अधिक मृतांमध्ये अधिकारी दोनच होते. जवळच उभ्या असलेल्या ‘आल्फोन्सो बारावा’ या स्पॅनिश नौकेच्या खलाशांनी होड्या सोडून बुडणाऱ्यांना वाचवले, हे आवर्जून सांगायला हवे, कारण पुढच्या गदारोळात त्याचा विसर पडला. सिग्सबी यांनी त्याच रात्री वॉशिंग्टनला तार केली आणि पुढील अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये, असे तीत बजावले. स्वतःची माणसे नुकतीच गमावलेल्या कॅप्टनने दाखवलेला हा संयम मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो.

तो संयम वृत्तपत्रांनी पाळला नाही. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या ‘न्यूयॉर्क जर्नल’ने दोनच दिवसांत हे शत्रूचे कृत्य असल्याचे पहिल्या पानावर जाहीर केले आणि गुन्हेगाराची माहिती देणाऱ्यास ५०,००० डॉलरचे इनाम लावले. मार्चमध्ये अमेरिकी नौदलाच्या चौकशी मंडळाने तळाचा कणा वर वाकलेला पाहून बाहेरून सुरुंग फुटल्याचा निष्कर्ष काढला, पण तो कोणी पेरला हे सांगण्याइतका पुरावा नसल्याचेही स्पष्ट केले. उलट पाण्याचा स्तंभ उसळलेला कोणी पाहिला नाही, बंदरात मेलेले मासेही तरंगताना दिसले नाहीत, तेव्हा स्फोट आतलाच, असे स्पॅनिश चौकशीचे म्हणणे होते. १९७६ मध्ये अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून जुने पुरावे तपासून घेतले. दारूकोठाराला लागून असलेल्या कोळशाच्या कोठीत आतल्या आत आग धुमसली असावी, असे त्यांचे मत पडले. पुढच्या संगणकीय अभ्यासाने सुरुंगाची शक्यता मात्र पुरती निकालात काढलेली नाही.

आता दुसरा प्रश्न. नौका बुडाली ही ठिणगी होती, दारू आधीपासून साठलेली होती. क्युबात १८९५ पासून स्पेनविरुद्ध बंड चालू होते आणि ते मोडण्यासाठी जनरल वेलर यांनी खेड्यांतली माणसे उठवून छावण्यांत कोंडली, तिथे भुकेने व रोगराईने माणसे प्रचंड संख्येने मेली. अमेरिकेचा पैसा क्युबाच्या साखर उद्योगात गुंतला होता. सिनेटर प्रॉक्टर यांनी क्युबाला स्वतः भेट देऊन १७ मार्चला सिनेटमध्ये त्या छावण्यांचे शांत शब्दांत वर्णन केले, आणि युद्धाला नाखूश असलेले अनेक जण त्याने हलले. तरीही ‘मेन’च्या मृतांशिवाय हा संताप इतक्या लवकर रस्त्यावर आला नसता, असे मला वाटते. एप्रिलच्या अखेरीस दोन्ही देशांत युद्ध जाहीर झाले. डिसेंबरमधील पॅरिसच्या तहाने स्पेनने क्युबावरचा हक्क सोडला; प्वेर्तो रिको, गुआम आणि २ कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपाइन्स अमेरिकेकडे गेले.

प्रश्न : त्या नौकेचे पुढे काय झाले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ती चौदा वर्षे बंदराच्या गाळातच होती. १९११ मध्ये भोवती बांध घालून पाणी उपसण्यात आले, आत सापडलेले मृतांचे अवशेष मायदेशी नेण्यात आले आणि १६ मार्च १९१२ रोजी उरलेला सांगाडा खोल समुद्रात नेऊन बुडवण्यात आला. तिची एक डोलकाठी आर्लिंग्टनच्या दफनभूमीत, तिच्या खलाशांच्या थडग्यांजवळ, उभी आहे.