घरी बडबड, खाली गेली की गप्प

प्रश्न : मुलगी 7 वर्षांची, दुसरीत आहे. घरी तोंडाला कुलूप नाही, पण सोसायटीत खाली गेलं की माझ्या ओढणीमागे. कोणी नाव विचारलं तरी गप्प, शेवटी मीच सांगते. परवा शेजारच्या बर्थडेला पूर्ण वेळ मांडीवर बसून होती, केकही नको म्हणाली. सासूबाई म्हणतात घुमी आहे, मिस्टर म्हणतात पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लाव. काय करू?
– एक आई, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं 'शेवटी मीच सांगते' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही उत्तर दिलंत की तिची सुटका होते, आणि गप्प बसलं की आई सांभाळून घेते हे तिला पक्कं कळतं. पुढच्या वेळी मनात पाचपर्यंत मोजा, तेवढ्यात नाही बोलली तर प्रश्न सोपा करून द्या, 'दुसरीत आहेस की तिसरीत?' असा, म्हणजे एका शब्दात काम होतं. बोलली तर लगेच टाळ्या नकोत, अशा मुलांना तेच जास्त ऑकवर्ड होतं, कौतुक घरी येऊन करा.

स्वभावाचा भाग आहेच यात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी 4 महिन्यांच्या बाळांपासून अभ्यास केला, तेव्हा साधारण 20 टक्के बाळं नवीन आवाज, नवीन वस्तू समोर आली की खूप अस्वस्थ व्हायची, आणि त्यातली बरीच मुलं पुढे बुजरी झाली, पण सगळी नाही. म्हणून सासूबाईंना प्रेमाने सांगा की 'घुमी' हे तिच्यासमोर नको.

बर्थडेला उशिरा नाही, पंधरा मिनिटं लवकर जा. भरलेल्या खोलीत शिरणं मोठ्यांनाही जड जातं हो. घर रिकामं असताना पोचली की तिला कामाला लावा, डिशमध्ये वेफर्स घालू दे, हातात काम असलं की काय बोलायचं हा प्रश्नच येत नाही आणि बाकीची मुलं एकेक करून येतात. मैत्रीण पण एकच, आधी तुमच्या घरी बोलवा, वर्षभराने लहान असली तरी चालेल, मग दोघींना खाली पाठवा.

नवरात्रात तुमच्याकडे भोंडला होतो का? अशा मुलींसाठी मला तो फार आवडतो, हात धरून फेर, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज, एकटीकडे कोणी बघत नाही. खिरापत तिच्यासोबत करा आणि झाकलेला डबा तिच्याच हातात द्या, मग सगळ्या ओळखायला तिच्याच मागे लागतील, तिने फक्त हो-नाही म्हणायचं.

क्लासचं म्हणाल तर आत्ता नको. पहिल्याच दिवशी माइक हातात दिला तर आणखी मिटेल. मे महिन्यात बालनाट्य शिबिर, तेही तिला जावंसं वाटलं तर.

एक मात्र बघा, शाळेत ती बोलते का? शाळा सुरू होऊन पहिला महिना गेल्यावरही महिनाभर तिथे अजिबात बोलत नसेल आणि घरी छान बोलत असेल तर ते सिलेक्टिव्ह म्युटिझम असू शकतं, तो हट्ट नसतो, भीती असते. मग टीचरना सांगा उभं करून बोलायला लावू नका, आणि चाइल्ड सायकॉलॉजिस्टला दाखवा. मुलुंडहून सायन हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग लोकलने सरळ पडतो, आणि आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, तिथे मराठीत बोलता येतं.