चिपाडाची धूळ आणि कोर्टातला पडदा

प्रश्न : वडील साखर कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, गंजीवर कामाला होते. बुरशीच्या धुळीनं फुप्फुसं बिघडली, असं डॉक्टर म्हणतात. भरपाईच्या दाव्यात ॲनिमेशन दाखवू, असं वकील सुचवतात. उपयोग होईल का? – एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : होईल, पण डॉक्टरांची साक्ष समजावण्यापुरताच. म्हणून आधी कागद जमवा : हजेरीपट, कामाचा विभाग, स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची ताकद मोजणारी चाचणी), श्वास सोडून काढलेला एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) हेही. सुट्टीत खोकला उतरायचा का, हेही डॉक्टरांच्या नोंदीत हवं. या रोगाला बगॅसोसिस म्हणतात. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो नावानिशी होता.

पटकथा मात्र नीट तपासा. ताज्या चिपाडानं हा रोग होत नाही. ओलसर गंजी आतून तापली की त्यात थर्मोॲक्टिनोमायसीस सॅकॅरी वाढतो. तो दिसतो बुरशीसारखा, पण आहे जिवाणू. पडद्यावर सरसकट ‘बुरशी’ लिहिलंत, तर उलटतपासणी तिथूनच सुरू होईल.

दुसरी चूक आकाराची. वायुकोश, म्हणजे फुप्फुसातली हवेची बारीक पिशवी, साधारण 200 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बीजाणू एखाद्या मायक्रॉनचा. म्हणजे वायुकोश दोन मीटरची खोली धरली, तर बीजाणू वाटाण्याएवढा. चित्रकार हौसेनं हिरवे चेंडू उडवतात. मोजपट्टी घालायला लावा. तिसरी वेळेची : ताप, कोरडा खोकला, धाप हे सहसा 4 ते 8 तासांनी येतं. धूळ नाकात जाताच माणूस खोकताना दाखवला, तर ते दुसऱ्याच आजाराचं चित्र होतं. फुप्फुसही तयार साच्यातलं नको, वडिलांच्याच स्कॅनवरून काढलेलं हवं.

दोन मिनिटं पुरेत. संगीत नको, निवेदनही नको. बोलतील ते डॉक्टरच. अक्षरं कन्नड आणि इंग्रजीत ठेवा, कर्नाटकातल्या कोर्टाचं काम त्याच भाषांत चालतं. फाईलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं : ‘अ’ भाग फाईल सादर करणाऱ्याचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाचा. त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा आकड्या-अक्षरांतला ठसा, असते. नंतर एक अक्षर जरी बदललंत तरी ती जुळत नाही, म्हणून दुरुस्त्या आधीच उरका.

प्रश्न : भाड्याच्या घरात पावसाळाभर भिंतींना बुरशी येते, मुलाचा दमा वाढलाय. घरमालकावर दावा करताना असंच ॲनिमेशन करावं का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नको, पैसे वाया जातील. बुरशीनं दमा बळावतो, हे डॉक्टर सांगू शकतात. तिच्यामुळेच जडला, हे दाखवणं अवघड. तारखेसह भिंतीचे फोटो, घरमालकाला पाठवलेली लेखी तक्रार आणि ॲलर्जीच्या चाचणीचा अहवाल ठेवा. आणि मुलाचा पलंग त्या भिंतीपासून आजच हलवा.