मशीन राहू द्या, आधी पॉलिसी परत करा

कळव्याहून एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, सोसायट्यांमधली झाडं छाटायची कामं घेतात, तीन चेनसॉ, हाताखाली दोन पोरं. प्रश्न असा: चेनला धार लावायला कानस पुरे, की १८ हजारांचं इलेक्ट्रिक ग्राइंडर हप्त्याने घ्यावं? इतरांच्या चेनना धार लावून मशीन सहा महिन्यांत ‘फुकट पडेल’ म्हणतात. आणि हप्ता कशाला? तर, ‘हातातले एक लाख गेल्याच आठवड्यात गॅरंटीड पॉलिसीत गेले.’

हे पत्राच्या शेवटच्या ओळीत, जाता जाता. मी तिथूनच धरतो.

पॉलिसी अशी: दहा वर्षं लाख-लाख भरायचे, पंधरा वर्षांनी १८ लाख. ‘जवळजवळ दुप्पट’ ऐकायला गोड, पण व्याज पडतं साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आजचा ७.१ टक्के दर टिकला तर पीपीएफमध्ये याच पैशांचे २१ लाखांच्या जवळपास होतात, आणि धंदा बसला त्या वर्षी नुसते पाचशे भरूनही खातं चालू राहतं. पावसाळ्याआधीचे दोन महिने ज्याची खरी कमाई, त्याच्या गळ्यात वर्षाला लाखाची सक्ती बांधली कुणी? वर विमा किती, तर १० लाख. झाडावर चढणाऱ्या, दोन लहान मुलांच्या बापाला!

पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री-लूकचे, म्हणजे नको असेल तर पॉलिसी परत करायचे असतात. उद्याच कंपनीच्या शाखेत अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. एजंटकडे देऊ नका, तो ‘बघतो साहेब’ म्हणत महिना काढेल. स्टॅम्प ड्युटी, तपासणीचा खर्च असं किरकोळ कापून बाकी पैसे परत येतात.

त्यातून आधी एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा. अर्जात नुसतं ‘ठेकेदार’ लिहू नका, झाडावर चढून करवत चालवतो असं स्पष्ट लिहा. प्रीमियम थोडा चढेल, पण उद्या क्लेम अडणार नाही. मग हाताखालच्या पोरांसाठी वर्कमेन कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगाराच्या भरपाईची पॉलिसी. पंधरा हजार पगाराचा तीस वर्षांचा गडी कामावर पडून गेला, तर भरपाई पंधरा लाखांच्या पुढे जाते आणि ती मालकाच्या, म्हणजे तुमच्या माथी येते. शिवाय तिघांनीही बँकेतून २० रुपयांचा सुरक्षा बिमा घ्या, दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं.

आता धार. चेनच्या मापाची गोल कानस (.३२५ पिचला, म्हणजे कड्यांमधल्या अंतराच्या मापाला, ४.८ मिमी) आणि कोन धरणारं गाइड, एवढ्यावर तुमचं रोजचं काम भागतं. टाकी भरायला थांबलात की प्रत्येक दाताला दोन-तीन हात, सगळे सारखेच. मधूनमधून दातापुढचा उंचवटाही सपाट कानशीने उतरवा, नाहीतर धार असूनही चेन नुसता भुगा काढते. ग्राइंडर खरं उपयोगी पडतं ते खिळा लागून दात तुटल्यावर. बोर्ड आणि दिव्यांच्या माळा ठोकलेल्या सोसायटीच्या झाडांत खिळे निघायचेच. तेवढ्या चेन दुकानात देऊन सारख्या करून घ्या. नवख्या हाताने मशीन जरा जास्त दाबलं की दात निळा पडतो. त्याचं पाणी उतरलं, पुढे कानशीनेही धार टिकत नाही. लोकांच्या चेन अशा जाळून कुठलं गिऱ्हाईक परत येणार?

दिवाळीनंतरही मशीन हवंसं वाटलं, तर रोखीने घ्या.