अर्धा गुडघा, पण झीज पूर्ण

अर्धा गुडघा बदलल्यावर पुढे काय बिघडू शकतं, यावर या महिन्यात इतके प्रश्न आले की बाकीचे विषय बाजूला ठेवले. गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. बहुतेकांचा आतला आधी झिजतो. तेवढाच बदलला की लोक त्याला ‘अर्धा गुडघा’ म्हणतात.

‘एक्स-रेमध्ये झीज थोडीच आहे. आत्ताच अर्धा बदलून टाकला तर पुढं पूर्ण बदलायची वेळ येत नाही म्हणतात. खरं का?’ (शिक्षक, वय ५४, परळी)

नाही, सर. हा गैरसमज ओपीडीत मला रोज भेटतो. माझ्या मते इम्प्लांटच्या दोषांनी होत नाही एवढं नुकसान याने होतं. अर्धा गुडघा म्हणजे अर्धी झीज नव्हे. झीज एकाच कप्प्यात हवी, पण तिथे ती पूर्ण हवी, हाडावर हाड घासायला लागलेली. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट संपलेली दिसली पाहिजे. झोपवून काढलेला एक्स-रे फसवतो. अंगाचा भार नसल्यामुळे फट शिल्लक आहे असं वाटतं.

फट असताना ऑपरेशन केलं की बऱ्याचदा दुखणं तसंच राहतं, कारण दुखत दुसरंच असतं: कंबर, खुबा, नाहीतर गुडघ्यातल्या हाडांमधली नुसती फाटलेली गादी. मग ‘दुखतंय’ म्हणून तोच गुडघा पुन्हा उघडला जातो. शिवाय बाहेरचा कप्पा धड हवा, मधली एसीएल नावाची दोरी शाबूत हवी आणि संधिवात आमवाताचा नको. यातली एक जरी अट जमत नसेल तर अर्ध्याचा हट्ट धरू नका.

‘वजन ९२ किलो. एक डॉक्टर म्हणतात अर्धा चालणार नाही, दुसरे म्हणतात चालेल. कुणाचं ऐकू?’ (निवृत्त एसटी वाहक, वय ६८, उदगीर)

पहिल्या डॉक्टरांच्या डोक्यात बहुधा ८२ किलोचा आकडा असावा. तो कोझिन आणि स्कॉट या अमेरिकी सर्जनांच्या १९८९च्या निकषांमधला. पुढच्या अनुभवात, विशेषतः सरकत्या चकतीच्या (ज्यात प्लास्टिकची चकती मोकळी सरकते) गुडघ्यांमध्ये, नुसत्या वजनामुळे इम्प्लांट लवकर निकामी होतं असं काही दिसलं नाही. जखम चिघळणं आणि जंतुसंसर्ग हे धोके मात्र वजनासोबत वाढतात, त्यामुळे पाच-सात किलो उतरवलेत तर ते वाया जाणार नाहीत.

वजनापेक्षा मोठा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत: सर्जन वर्षाला असे किती गुडघे करतात? ब्रिटनच्या राष्ट्रीय सांधे नोंदणीप्रमाणे दहा वर्षांत पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी तीन-चार पुन्हा करावे लागतात, अर्ध्यांपैकी दहाच्या आसपास. त्याला इम्प्लांट सैल होणं आणि उरलेले कप्पे झिजणं ही दोन मोठी कारणं. पण जे सर्जन वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच अर्धे गुडघे करतात, त्यांच्याकडे हा आकडा चढतो. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांच्याकडे उतरतो. याची दुसरी बाजूही आहे. जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या आणि जिवाला धोका हे अर्ध्यात कमी. तेव्हा वर्षाला किती करतात तो आकडा विचारा, संकोच करू नका. चांगल्या सर्जनला राग येत नाही.

‘आईचा गुडघा लई दुखायलाय. तीन महिन्यांची साखर ९.२ आली म्हणून डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली. सकाळची साखर तर बरी येतीय.’ (केज)

तारीख ढकलली ते बरंच केलं. सकाळची साखर एका दिवसाचं सांगते, एचबीए१सी तीन महिन्यांचं. तो साडेसात-आठच्या खाली येईपर्यंत मीही थांबतो. इम्प्लांटवर एकदा जंतू बसले की नुसत्या गोळ्यांनी हटत नाहीत. धातू-प्लास्टिकवर त्यांचा थर जमतो आणि औषध तिथवर पोचत नाही.

अजून एक करा. रात्री आईच्या पायाची बोटं फाकवून बघा. माझ्याकडे गुडघा दाखवायला येतात, मी आधी मोजे काढायला लावतो. ओल्या रानात राबलेल्या पायांत शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात पांढरट, सोललेली कातडी सापडते, टाचेला भेगा असतात. त्या चिखल्यांमधून जंतूंना आयती वाट मिळते. त्या आधी बऱ्या करा. किडलेली दाढ आणि लघवीची जळजळही तशीच. आणि मिश्री! बायका ती तंबाखूत धरत नाहीत, म्हणून ‘तंबाखू खाता का?’ला ‘नाही’ म्हणतात. जखम भरायला ती तेवढीच आडवी येते. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी डबी लपवा.

‘अर्धा गुडघा बदलल्यावर खाली बसून भाकरी थापता येईल का?’ (गृहिणी, वय ५७, हिंगोली)

ताई, अर्धा गुडघा चांगला वाकतो, तिथेच मोह होतो. तुमचा कोणत्या जातीचा बसवणार ते विचारा. एकात प्लास्टिकची चकती धातूत पक्की बसवलेली असते. ती निसटत नाही, पण वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजू शकते. दुसऱ्यात ती मोकळी सरकते. झीज कमी, पण खोल वाकून पाय वळवला तर चकती जागा सोडू शकते. जमिनीवर बसणाऱ्या आशियाई देशांतून अशा तक्रारी जास्त येतात. गुडघा अचानक अडकला, सरळच होईना, तर ओढाताण न करता थेट एक्स-रे काढा. भाकरी ओट्याशी उभ्याने थापा. उकिडवं बसणं मी दोन्ही जातींत बंद करतो. मांडी घालायची का, ते तुमच्या सर्जनना ठरवू द्या.

‘ऑपरेशनला पाच आठवडे झाले. ट्रॅक्टरवरून उतरताना गुडघ्याखाली आतल्या अंगाला कळ आली, आता पाय टेकवत नाही.’ (शेतकरी, कळंब)

हे वाचायच्या आधी निघायला हवं होतं. वॉकर घ्या, पाय टेकवू नका, आजच एक्स-रे. पहिल्या तीन महिन्यांत नडगीचं हाड इम्प्लांटखाली तडकू शकतं. ठिसूळ हाडं, लहान चण, करवतीचा उभा काप जास्त खोल जाणं, हाडात पिनांची जादा भोकं, ही त्याची कारणं. वेळेत कळलं तर कधी नुसत्या विश्रांतीवर भागतं, कधी प्लेट लागते. बाकीच्यांनी घाबरू नये: त्याच जागी मंद ठणका सहा महिने, कधी वर्षभरही राहतो आणि आपोआप जातो. तेवढ्यावरून पुन्हा गुडघा उघडू देऊ नका.

‘पाय अजून थोडा फेंगडाच दिसतोय. पूर्ण सरळ का केला नाही?’ (जालना)

मुद्दामच. आतली बाजू गरजेपेक्षा जास्त उचलली की भार बाहेरच्या धड कप्प्यावर जातो आणि तो झिजायला लागतो.

‘रोबोटने करावं का?’ (नांदेड)

मापात काप घ्यायला रोबोटची मदत होते. चुकीचा पेशंट निवडला असेल तर चूकही मापातच होते.

‘दीड महिन्यापूर्वी गुडघ्यात इंजेक्शन घेतलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, सांगायला हवं का?’ (परभणी)

आजच फोन करून सांगा. स्टेरॉइडचं असेल तर तीन महिने उलटू द्यावे लागतात, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नाव आठवत नसेल तर त्या वेळची चिठ्ठी शोधा. बहुतेक एक्स-रेच्या पाकिटातच असते.